पेशींचा हयातीचा दाखला

जिवंत असणे कोणालाही जमते. जिवंत असल्याचे सिद्ध करायला मात्र कागद लागतो. आमच्या विद्यापीठाचा खरेदी विभाग याच तत्त्वावर उभा आहे आणि त्याचा अधीक्षक या नात्याने मला त्याचा अभिमान आहे. गेल्या सव्वीस वर्षांत आम्ही एकही वस्तू घाईने घेतलेली नाही. मागणी करणाऱ्यांपैकी एकतीस टक्के लोक वस्तू येण्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे वस्तूंबद्दलच्या तक्रारीही फारशा नाहीत.

अशा विभागाकडे कर्करोग प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी एका खास सूक्ष्मदर्शकाची मागणी केली. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गाठीतल्या पेशी त्यांनी चार काचेच्या बशांत जगवल्या होत्या. दोन औषधांपैकी कोणते त्या पेशींना मारते, हे सलग तीन दिवस पाहायचे, म्हणजे डॉक्टर शिवणकामवाल्या बाईंना तेच देणार होते. जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर उजेडात पेशी तासाभरात नुसत्याच मरतात. औषधाने गेल्या की दिव्याने, कळायला मार्ग नाही. नव्याचा उजेड म्हणे सौम्य असतो.

खरेदी समितीने (सदस्य सात, विषय कळणारा एकही नाही, म्हणून निःपक्षपाती) मुळालाच हात घातला. पेशी जिवंतच कशाला हव्यात? मेलेल्या हलत नाहीत, बघायला सोप्या. उजेडाने मरत असतील तर दिवा बंद करून पाहिले आहे काय? तीन दिवस पाहत बसणार, तर त्या काळात हजेरीपटावर सही कोण करणार? संशोधक बाईंनी सगळ्याला लेखी उत्तरे दिली. त्यात दोन महिने गेले, आणि दोन बशा.

मग समितीवरच्या ग्रंथपालांच्या लक्षात आले की अर्जात ‘जिवंत पेशी’ हे शब्द एकोणीस वेळा आले आहेत, पण पुरावा एकही नाही. निवृत्त माणसाकडून आपण दर वर्षी हयातीचा दाखला घेतो, मग पेशींना सूट का? मुद्दा बिनतोड होता. पत्र गेले.

आठवड्याने शिवणकामवाल्या बाई स्वतःच माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. माप घ्यायची फीत गळ्यात तशीच होती.

“हा घ्या दाखला. मी आहे अजून,” त्या म्हणाल्या.

मी कागद नीट तपासला आणि शेरा मारला : ‘बाई जिवंत. पेशींबाबत खुलासा नाही.’ लिहिताना मला वाईट वाटले, हे कबूल करतो. अक्षर मात्र सुवाच्य आले.

तिसरी बशी त्याच आठवड्यात गेली. तेव्हा समितीने मोठ्या मनाने स्वतः जाऊन खात्री करायचे ठरवले. संशोधक बाईंनी शेवटची बशी जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि अध्यक्षांना हात जोडले.

“साहेब, एकानंच बघा. सगळ्यांनी बघितलंत तर त्या उरायच्या नाहीत.”

“सह्या सात लागतात,” अध्यक्ष म्हणाले.

प्रत्येकाने दहा-दहा मिनिटे पाहिले (वसतिगृहप्रमुखांनी एकदा चष्मा लावून, एकदा काढून). पहिल्या सहा जणांना पेशी जिवंत आढळल्या. सातव्याला हालचाल दिसली नाही. मतांवर गेलो असतो तर पेशी सहा विरुद्ध एक अशा जिवंत ठरल्या असत्या. पण नियमानुसार शेवटची तपासणी ग्राह्य धरतात. अहवालात नोंद झाली : ‘पेशी मृत. सबब जिवंत पेशींसाठीच्या यंत्राची गरज उरलेली नाही.’

नव्याने पेशी काढून घ्याव्यात एवढी ताकद शिवणकामवाल्या बाईंच्या अंगात राहिली नव्हती. दोन औषधांतले एक डॉक्टरांनी अंदाजाने सुरू केले. हे ऐकून बाई पुन्हा माझ्याकडे आल्या. भांडल्या नाहीत.

“मी साधी बाहीसुद्धा अंदाजानं कापत नाही हो,” एवढेच म्हणाल्या.

मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

प्रकरण बंद करण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती मागवणे बंधनकारक आहे. प्रस्तुत मजकूर हीच ती जाहीर सूचना. वाचून होईपर्यंत लेखी हरकत न आल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल. मध्येच हसू आले असल्यास ती हरकत समजली जाणार नाही. आणि वाचून तर तुमचे झालेच.