दौलतराव खेचर आणि पाजायची सुट्टी

मुलांनो, सरकून बसा. आधी नाकं पुसा, मग सांगते.

एका जंगलात सिंहमहाराजांना किल्ला बांधायची हौस आली. शत्रू कोणी नव्हता. पण शेजारच्या सिंहाकडे किल्ला होता, म्हणून यांनाही हवा झाला.

चुना वाहायला गाढवं लावली. उजाडताच पाठीवर गोणी चढायची, ती दिवस मावळल्यावर उतरायची. मध्ये घरी जायचं नाही.

त्यात एक सोनकी नावाची गाढवी होती. तिचं शिंगरू दीड महिन्याचं. त्याला इतर शिंगरांसोबत करंजाखाली ठेवून ती कामावर यायची. भुकेने उठून भटकलं तर तरस उचलायचा. म्हणून सगळ्या आया करायच्या तेच तीही करायची. सकाळी त्याला अफूचं बोंड चाटवायची. शिंगरू दिवसभर झोपायचं. (तुम्हाला असलं बोंड कुठे दिसलं तर हात लावायचा नाही. ऐकलं ना? मान नको हलवू, तोंडाने सांग.)

आधी ते संध्याकाळी आपलं आपण उठायचं. मग हलवावं लागायला लागलं. एके दिवशी सोनकीने हलवलं, चाटलं, ओरडली, तरी डोळा उघडेना. कितीतरी वेळाने उघडला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी तिने दौलतरावांना गाठलं. दौलतराव जातीने खेचर. आवाज मोठा, आणि घोड्यांची भाषाही यायची.

"दौलतदादा, महाराजांना सांगा ना, दुपारी एकदा पाजायला सोडा म्हणावं. पोट भरलं की लेकरू आपसूक झोपेल. मग मी बोंड बंद करीन. एवढंच."

"एवढंच कसं, ताई? हा समस्त गाढवांचा प्रश्न आहे! माझा बाप गाढवच होता!"

झालं. दौलतरावांनी हाक दिली आणि गोण्यांसकट सगळी गाढवं किल्ल्याच्या चढावरच बसली. गाढव एकदा बसलं की कसं असतं, ते तुमच्या बाबांना विचारा. तीन दिवस किल्ला होता तिथेच राहिला. शेवटी महाराजांचा निरोप आला, बोलायला एकाला पाठवा.

"सोनकीलाच पाठवू," एक म्हातारं गाढव म्हणालं.

"तिला? खूर बघा तिचे, चुन्याने कसे फुटलेत! दरबारात शोभेल का?" दौलतराव म्हणाले.

सोनकीलाही ते पटलं. दौलतरावांचे खूर अगदी स्वच्छ होते. ते का स्वच्छ आहेत, हे विचारायचं मात्र सगळेच विसरले.

दरबारात सिंह म्हणाला, "बसा, दौलतराव."

त्यांना आजवर कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ते बसले ते बसलेच.

"माझी आई घोडी होती, महाराज," ते हळूच म्हणाले.

"वाटलंच मला," सिंह म्हणाला.

दौलतराव गाढवांचे दरबारी सभासद झाले. सावली मिळाली, हिरवा चारा मिळाला. कायदाही निघाला. ज्या आईचं लेकरू दुपारी भुकेने रडेल, तिला पाजायला सुट्टी. गाढवांनी जयजयकार केला आणि गोण्या उचलल्या.

रोज दुपारी कोल्हा मुकादम करंजाखाली जाऊन कान देऊन यायचा. "एकही रडत नाही. सगळी पोटभर दिसतात."

रडतील कशी? बोंड चाटलेली!

मग सोनकीने धीर केला. एक दिवस बोंड दिलंच नाही. भोवती काटेरी फांद्या लावल्या आणि कामावर गेली. शिंगरू असं रडलं, की दरबारापर्यंत ऐकू गेलं.

"रडलं खरं," मुकादम म्हणाला, "पण दुपार व्हायच्या आधी. सुट्टी नाही."

संध्याकाळी ती दरबारात गेली. "दौलतदादा..."

"साहेब म्हण," दारावरचं माकड खेकसलं.

"साहेब, अहो, ते शिंगरू..."

"ऐकलं मी. माझी झोपमोड झाली, तेव्हाच तुझं दुःख कळलं. तुझं काम केलंय. उद्यापासून प्रत्येक आईला सरकारातून बोंड फुकट! निवडक, टपोरं. महाराजांशी भांडून मिळवलंय."

सकाळी ढोल वाजवत दौलतरावांनी स्वतः बोंडं वाटली. सोनकीने आपलं घेतलं, नमस्कार केला आणि ओढ्यात टाकून दिलं.

दुपारी चढाच्या मध्यावर तिने गोणी पाडली आणि खाली निघाली.

"ए सोनके! कुणाला विचारून चाललीस?"

"दूध भरलंय, मुकादम. ते काही विचारून येत नाही."

मागे धप्प आवाज झाला. मग आणखी एक. अकरा गोण्या पडल्या. आधी कुणावर ओरडावं, ते मुकादमाला कळेना.

शिंगरू पोटभर प्यायलं आणि झोपलं. सोनकीने उगाच हलवून बघितलं. ते लगेच जागं झालं आणि चिडून त्याने तिला लाथ मारली. लाथ बसून इतकं बरं कुणाला कधी वाटलं नसेल.

त्या दिवसापासून आया रोज दुपारी उतरू लागल्या. पाजून झालं की परत चढायच्या. किल्ला तर व्हायलाच हवा होता, म्हणून महाराजांनी बघूनही बघितलं नाही.

आठ दिवसांनी मोठी सभा झाली. 'पाजायच्या सुट्टीचे जनक' म्हणून दौलतरावांना हार घातला. त्यांचा पुतळाही ठरला. चुना गाढवांनीच वाहिला, कामाचे तास संपल्यावर. सभेला सोनकीलाही बोलावलं होतं. पण भर दुपारची सभा, ती पाजत होती.

तात्पर्य : मुलांनो, आपलं काम आपणच करावं. पण त्याआधी एक पुढारी मात्र नक्की निवडून ठेवावा. नाहीतर काम झाल्यावर हार कुणाला घालायचा, याची फार पंचाईत होते.