फक्त गोऱ्यांसाठी

मेघनाबाई स्कूटीवरून शाळेच्या फाटकात शिरल्या की पोरं त्यांना डोळ्यांवरून ओळखायची, कारण डोळ्यांखेरीज ओळखण्यासारखं दुसरं काही उघडं नसायचंच. इंदापूरहून गावापर्यंतच्या रस्त्यात उन्हानं काळवंडायला नको म्हणून तोंडाला स्कार्फ, हातात कोपराच्या वर जाणारे मोजे आणि डोक्यावर टोपी. हा सगळा बंदोबस्त सोडवून होईतो प्रार्थना संपत यायची. मग बाई चौथीच्या वर्गावर जायच्या आणि माणसाची किंमत रंगावरून करू नये, हे मुलांना शिकवायच्या.

शिकवायच्या मात्र अगदी मनापासून. यंदा त्यांनी नेल्सन मंडेलांची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य कसं होतं, काळ्यांना मत कसं नव्हतं, बागेतल्या बाकांवरसुद्धा ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं कसं लिहिलेलं असायचं, हे ऐकताना वर्ग चिडीचूप झाला होता. शेवटी मागच्या रांगेतून सारजा उठली.

“बाई, मग आमच्यासारख्या अधल्यामधल्यांनी कुठं बसायचं?”

बाईंनी त्याच क्षणी ठरवलं की गॅदरिंगला यंदा नाच नाही, मंडेलांचं नाटक. आणि मंडेला ही पोरगी.

सारजाचा आवाज असा की माईक बंद पडला तरी शाळेमागच्या उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचावा. रंगानं ती सावळीच्याही पुढची. आजवर प्रत्येक गॅदरिंगला ती मागच्या रांगेत उभी राहिली होती आणि प्रत्येक व्हिडिओत तिचा फक्त वर केलेला हात आला होता. “यंदा तू सगळ्यांच्या पुढे,” असं म्हणून बाईंनी मंडेलांचं भाषण लिहून तिच्या हातात दिलं. संध्याकाळी गोठ्यातल्या म्हशीला तिनं ते सगळं दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष दादासो हजर झाले. त्यांची श्रेया याच वर्गात. सारजा आणि श्रेया एकाच भावकीतल्या, घरं भिंतीला भिंत लागून, पण श्रेया उजळ.

“मॅडम, आमच्या श्रेयाला पोलिसाचं काम दिलं म्हणं?”

“गोऱ्या पोलिसाचं, दादासो. महत्त्वाचं काम आहे.”

“तेच म्हणतो मी. पोरगी गोरी हाय, देखणी हाय, तिला नेता करा की. नेता कसा, उठून दिसला पाहिजे.”

“अहो, नाटकच त्यावर आहे.”

“नाटक कशावरबी असू द्या, व्हिडिओ निघणार हाय त्याचा.”

त्यांना कसंबसं वाटेला लावलं, तर व्हरांड्यात सारजाची आजी गोजरबाई येऊन बसलेली. दादासोंची ही चुलती. तिच्यापुढे दादासोही आवाज चढवत नसत.

“बाई, माजी नात काळी म्हणून तिला काळ्याचं काम दिलं व्हय? लगीन व्हायचंय तिचं.”

“आजी, ती चौथीत आहे.”

“लोकं ध्यानात ठेवत्यात.”

बाईंनी तिला शेजारी बसवून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सत्तावीस वर्षांच्या कैदेपाशी आल्यावर गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला.

“पोरंबाळं हुती का त्यास्नी?”

“होती. भेटसुद्धा धड व्हायची नाही.”

“आन मग?”

“मग सुटले, निवडणूक झाली आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.”

“म्हंजे आपला राष्ट्रपती असतो तसं?”

“तसंच.”

गोजरबाई उठून उभी राहिली. “मग करू द्या पोरीला. पर येवढ्या मोठ्या मानसाचं काम हाय, पोरगी नीट दिसली पाहिजे.”

“दिसेल, आजी,” असं बाई म्हणाल्या आणि प्रकरण मिटलं म्हणून निर्धास्त झाल्या. प्रकरण तर तिथूनच सुरू झालं होतं.

तालमी शाळेच्या मैदानावर, भर दुपारी. मंडेला बाकावर बसायचे असल्यामुळे आणि बाक लिंबाखाली असल्यामुळे सारजा सावलीत. पोलिसांना मात्र लेफ्ट-राइट करत सगळ्या मैदानाला फेरा मारावा लागे. गॅदरिंग येईपर्यंत श्रेया अशी रापली की दादासोंच्या घरी रोज दही आणि बेसनाचा लेप सुरू झाला. लेपानं फारसा फरक पडला नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. लोणी देवकरच्या कारखान्यातून सारजाचे वडीलसुद्धा पाळी बदलून आले होते. मेघनाबाई पाहुण्यांना नारळ देण्यात गुंतल्या होत्या, आणि तेवढ्यात पडद्यामागे गोजरबाईनं नातीला गाठलं. तिच्या हातात पावडरीचा नवाकोरा डबा होता.

“आजे, बाईंनी न्हाय म्हणलंय.”

“बाईंना काय कळतंय. सारं गाव बघणार हाय. डोळं मीट.”

डबा संपला तेव्हाच गोजरबाईचा हात थांबला. तोंड, मान, कानाच्या पाळ्या, कोपरापर्यंत हात, काही म्हणून तिनं सोडलं नाही.

पडदा उघडला. हॅलोजनच्या झोतात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी लावलेलं बाक, आणि बाकावर पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरेफटक नेल्सन मंडेला. विंगेत उभ्या असलेल्या बाईंच्या हातातून वही पडली.

इतक्यात लेफ्ट-राइट करत पोलीस आले. उन्हात भाजलेली श्रेया कडक आवाजात म्हणाली, “ऊठ. दिसत नाही का, हे बाक गोऱ्यांचं आहे.”

पुढच्या रांगेत बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्या आप्पांनी चष्मा सारखा केला. “अगं, ते गोरंच हाय की. बसू दे त्याला.”

मंडप हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “पोलीसच काळा हाय. त्याला घाला भाईर.”

दादासो खुर्चीवरून उठले. “कोण म्हणलं काळा? आमची श्रेया मुळात गोरी हाय. उन्हानं झालंय ते.”

“पप्पा, गप बसा ना,” पोलीस रडवेल्या आवाजात म्हणाला.

“बसू द्या, बसू द्या,” असा आता सगळ्या मंडपानं धोशाच लावला. श्रेयानं पाटीकडे पाहिलं, सारजाकडे पाहिलं आणि विंगेकडे वळून थेट माईकमध्येच विचारलं, “बाई, हिला आता उठवू कशी?”

इतकी वर्षं मागच्या रांगेत राहिलेली पोर आज पुढे आली होती आणि गाव तिला हसत होतं. बाईंनी पडद्याची दोरी धरली. सारजानं ते पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं.

मग ती उठली. तुरुंगातल्या प्रसंगासाठी कोपऱ्यात पाण्याची कळशी भरून ठेवली होती. ती तिनं बाकापाशी ओढत आणली आणि तोंडावर पाण्याचा हबका मारला. पावडरीचे ओघळ झाले. दुसऱ्या हबक्याला चिखल झाला. लोक आणखी हसले. ती घासत राहिली. मान, कान, हात, सगळं धुऊन बाहीनं पुसलं तेव्हा हॅलोजनखाली तिचा स्वतःचा चेहरा लखलखत होता. ती परत बाकावर जाऊन बसली.

“आता उठीव,” ती श्रेयाला म्हणाली.

“ऊठ,” श्रेया म्हणाली. “हे बाक गोऱ्यांचं आहे.”

आता कुणी हसलं नाही. बाईंनी खपून लिहिलेलं भाषण इथं यायचं होतं. म्हशीला तोंडपाठ झालेलं ते भाषण सारजाला काही आठवलं नाही. तिनं समोरच्या लोकांकडे पाहिलं.

“मगाशी बसू द्या म्हणत हुता की समदी. तवाबी मीच हुते.”

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पडद्याआडून गोजरबाई आली, दोन्ही हात अजून पावडरीनं पांढरे, आणि नातीला खेटून बाकावर बसली.

“आता मलाबी उठवा,” ती पोलिसांना म्हणाली.

पोलीस तिची चुलत नातच. तिची काय बिशाद. त्यानं टोपी काढली आणि तोही बाकावर टेकला. मग जी टाळ्यांना सुरुवात झाली ती पडदा पडला तरी थांबेना. नाटक तिथंच संपलं आणि मंडेलांची सत्तावीस वर्षांची कैद वाचली. मेघनाबाई विंगेत मोकळेपणी रडल्या.

टाळ्या सगळ्यांत जोरात दादासोंनी वाजवल्या होत्या. अभिनंदनाचा फ्लेक्सही त्यांनीच सांगितला. दोन दिवसांनी सकाळी मेघनाबाई शाळेत पोचल्या, तेव्हा फ्लेक्सवाला समाधान फाटकावर तो बांधत होता. खाली पोरांचा घोळका, आणि घोळक्यापुढे गोजरबाई.

“ही कोण?” ती विचारत होती.

“तुमची सारजा, आजी.”

फ्लेक्सवरच्या सारजाचा रंग दुधासारखा होता आणि गाल गुलाबी.

“माजी सारजा अशी न्हाय. ही कुणाची का असंना, खाली उतरीव.”

“आजी, जरा उजळ करतोच आमी सगळ्यांना. त्याचं वायलं पैसं घेत न्हाय.”

“फुकाट हाय म्हणून नात बदलू व्हय? हाय तशी छापून आण. काळी दिसली पाहिजे. मागल्या रांगेतनंबी दिसली पाहिजे.”

समाधाननं हार मानली. उद्या दुसरा आणतो म्हणाला.

मेघनाबाई अर्धा स्कार्फ सोडून फ्लेक्सकडे पाहत राहिल्या होत्या. सारजाच्या खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून त्यांचाही फोटो होता. इतक्या गोऱ्या त्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येही दिसल्या नव्हत्या. स्टेटसला ठेवण्यासारखा फोटो होता.

“बाई,” गोजरबाई वळून म्हणाली, “तुमचाबी हाय तसाच करायला सांगू न्हवं?”

सगळी चौथी बाईंकडे पाहत होती. स्कार्फमधून बाई काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणाल्या?” समाधाननं शिडीवरून विचारलं.

“बाई व्हय म्हणाल्या,” सारजानं सांगितलं, आणि तिचा आवाज थेट उसापर्यंत गेला.

समाधान गाठी सोडू लागला. फ्लेक्स खाली यायच्या आत बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि त्याचा एक फोटो तेवढा काढून घेतला. शाळेच्या दप्तरी असावा म्हणून, असं त्यांनी सारजाला सांगितलं.