गादीखालचं नाटक

"विंडोज वापरणाऱ्या माणसाशी मी कॉम्प्युटरवर बोलत नाही," असं पद्माकरराव लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत, आणि शेजारचा माणूस सुटल्यासारखा मठ्ठ्याकडे वळे.

पद्माकरराव बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बनशंकरीच्या घरात त्यांनी फ्रिजवर हार्डडिस्कचा एक डबा बसवला होता. घरातल्या सगळ्या फाइली त्या डब्यात राहायच्या आणि विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या यांच्या कॉम्प्युटरवर 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये दिसायच्या. याला ते 'माउंट करणं' म्हणत, आणि म्हणताना कॉलर नीट करत.

त्यांची बायको वीणा तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहीत होती. तिच्या आधीच्या दोन एकांकिका मंडळाने साभार परत केल्या होत्या. ही मात्र नाटक बसवणाऱ्या गोजराअक्कांना नुसती गोष्ट ऐकूनच आवडली. रघुपती नावाचा समजूतदार नवरा आणि त्याची बायको, अशी ती गोष्ट. रविवारी वाचन होतं. नाटक लिहून झालं होतं आणि वीणाच्या लॅपटॉपवर सुखात होतं, हेच पद्माकररावांना खुपलं.

"तुझ्या त्या भिकार विंडोजवर एवढी इम्पॉर्टंट फाइल? डब्यात टाकतो."

"टाक. पण इथलीही राहू दे ना."

"दोन ठिकाणी एकच वस्तू ठेवणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे, वीणा."

पेनड्राइव्हवरून फाइल क्षणात 'घर'मध्ये गेली. "स्पीड बघ! याला म्हणतात लिनक्स!" असं म्हणून त्यांनी लॅपटॉपवरची मूळ फाइल पुसली. पेनड्राइव्हही पुसला.

स्पीड असणारच होता. मोबाईल चार्ज करायला डब्याचा प्लग सकाळी त्यांनीच काढला होता. 'घर' हा फोल्डर म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमधलाच नुसता पलंग. डबा जोडला की त्यावर गादी येते. गादी नसताना यांनी नाटक पलंगाच्या फळीवर ठेवलं, संध्याकाळी प्लग लावून वर गादी घातली, आणि मग गादीवर नाटक शोधत बसले.

"तूच डिलीट केलंस," त्यांनी निकाल दिला.

"मी? मी तुझ्या कॉम्प्युटरला हात तरी लावते का?"

मदतीला ऑफिसातला जितेंद्र आला. तोही लिनक्सवाला, पण वेगळ्या पंथाचा. दोन लिनक्सवाले भेटले की आधी कुणाचं लिनक्स श्रेष्ठ हे ठरावं लागतं, त्यात दोनदा चहा झाला.

"परमिशनचा घोळ आहे," जितेंद्र म्हणाला.

"छे, प्रोटोकॉलचं व्हर्जन चुकलंय."

शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की दोष विंडोजचा. म्हणून त्यांनी वीणाच्या लॅपटॉपवरून विंडोज काढून टाकलं आणि लिनक्स घातलं. पुसलेली फाइल तिथून परत मिळण्याची जी काही आशा होती ती अशी धुऊन निघाली. सोबत मराठी कीबोर्डही गेला.

"आता मी लिहू कशी?"

"मराठीचं नंतर बघू गं. आधी सिस्टीम तर स्टेबल होऊ दे."

वीणाला रडू आलं. मग त्या रडण्याचाच राग आला. तिने कोरे कागद घेतले, पेन घेतलं आणि नाटक पहिल्यापासून लिहायला बसली. आठवून आठवून लिहिता लिहिता आठवायची गरजच उरली नाही.

रविवारी सकाळी चटणी वाटायला तिने डब्याचा प्लग काढून मिक्सरचा लावला. तेवढ्यात पद्माकररावांनी कॉम्प्युटर सुरू केला. आज गादी नव्हती आणि फळीवर नाटक जसंच्या तसं पडलेलं होतं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं. कळल्याचं मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

"मिळालं! मी रिकव्हर केलं!"

"कसं काय?"

"तुला नाही कळणार ते."

वीणाने चटणी काढून घेतली. "राहू दे मग. तो रघुपती फारच चांगला होता. कुणाला खरा वाटला नसता."

संध्याकाळी गोजराअक्कांच्या घरी कागदावरच्या नव्या नाटकाचं वाचन झालं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या अक्का हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. सगळं मंडळ हसत होतं. पद्माकरराव तेवढे गंभीर.

"अतिशयोक्ती आहे," ते म्हणाले. "असला मठ्ठ आणि वर शेखी मिरवणारा नवरा असतो का कुठे? एक वाक्य तेवढं वजनदार आहे. ते दोन ठिकाणी एकच वस्तू ठेवण्याचं."

अक्कांनी एकदा वीणाकडे बघितलं.

"मग तुम्हीच करा की ओ अण्णा, रघुपतीचं काम," त्या म्हणाल्या. "सरी, बरोब्बर जमतंय बघा तुम्हाला. स्वल्पसुद्धा पाठ कराय लागत न्हाई."

"मेमरी माझी पहिल्यापासूनच चांगली आहे," पद्माकरराव म्हणाले आणि त्यांनी कॉलर नीट केली.