एका घरातून एकच अर्ज

गेल्या वर्षी वधू-वर मेळाव्याच्या वेबसाइटवर एकाच मुलाचे तीन अर्ज आले होते. एक आजीचा, एक काकाचा, एक आत्याचा, तिन्ही एकाच घरातून. तिन्हींत उंची वेगळी. म्हणून साताऱ्यात बसून ती साइट चालवणाऱ्या राजनंदिनीनं यंदा नियम घातला : एका घरच्या इंटरनेटवरून एकच अर्ज.

शिवाय गेल्या वर्षी तिचा प्रोग्रॅम एकटाच दारात उभा राहून येईल त्याला उत्तर देत होता आणि गर्दीत आडवा झाला होता. यंदा तिनं त्याच्यापुढं दुसरा सर्व्हर बसवला. पुढच्यानं माणसं घ्यायची, मागच्यानं अर्ज नोंदवायचे.

दहाला नोंदणी उघडली. साडेदहाला आष्ट्याहून लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदार आप्पासोंचा फोन. मेळावा त्यांचाच, आणि मुलगा वीरधवलचा अर्ज ते स्वतः भरणार होते. वीरधवल आणि राजनंदिनीचं लग्न करायचं तीन वर्षांपूर्वीच आपापसात ठरलेलं. सुभेदारांना सांगायचं कुणी, तेवढं ठरत नव्हतं.

"पोरी, 'तुमच्या घरातून अर्ज आधीच आला आहे' म्हणतंय. कुणी भरला?"

"बघते, काका."

"तू साइट बघ. मी घर बघतो."

तोवर कुंडलहून रेश्माताई. "दिराचा अर्ज सासूबाई म्हणत्यात मी भरला, मी म्हणते त्यांनी. बोलणं बंद हाय. तसं बरंच हाय, पण अर्ज कुठाय?"

राजनंदिनीला उमगलं. सगळे पुढच्या सर्व्हरकडूनच आत येत होते, त्यामुळं मागच्याला सगळा मुलूख एकाच घरात राहतोय असं वाटत होतं. येणाऱ्याच्या इंटरनेटचा खरा पत्ता आत कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण मग वीरधवलचाही अर्ज जाणार.

ओळी लिहायला दोन मिनिटं लागली. लिहायचं ठरवायला पाऊण तास. रेश्माताईंच्या दिराचं तरी काय चुकलं होतं?

तिनं आष्ट्याला फोन लावला. "काका, चूक माझी. तुमच्या घरातनं कुणीच अर्ज भरला नव्हता."

"आता सांगतीस व्हय? हितं वीरधवलनं समदं कबूल केलं की! अर्ज भरला न्हाई, भरायची गरजच न्हाई म्हणाला. तुझं नाव घेतलं."

"काका..."

"तीन वर्सं! सीमेवर मला चकवायला कुणाला जमलं न्हाई ते घरात जमवलंसा. वडलांस्नी फोन दे."

ती धावत बाहेरच्या खोलीत गेली.

"थांब गं जरा," मोबाइलवरून मान वर न करता वडील म्हणाले, "तुझाच अर्ज भरतोय. मघापासून अडत होता. आत्ता गेला बघ!"