दोन पहारेकऱ्यांचं कुलूप

बाळांनो, एका जंगलात एक तुरुंग होता. उघड्या खडकावर बांधलेला, वर पत्रे. ज्यांनी बांधला, त्यांना तिथं राहायचं नव्हतं.

तुरुंगात मंजूर पहारेकरी बारा. हजर एकच, रखमाजी अस्वल. बाकीचे काही निवृत्त झाले, काही राजाच्या गुहेत पंखा हलवायला गेले ते परतलेच नाहीत. "भरती सुरू आहे," असं सचिव कोल्हेसाहेब तीन उन्हाळे सांगत होते.

नियम असा होता, की कोठडीचं कुलूप दोन पहारेकऱ्यांनी मिळून उघडायचं. एकट्यानं उघडलं तर तोच आत. त्यामुळे कैद्यांची नदीवरची आंघोळ बंद झाली. रखमाजी गजांतून पाणी द्यायचा, तेही पत्र्याखाली तापलेलं. त्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता.

वैशाखातल्या एका दुपारी म्हातारं साळिंदर कोसळलं. राजाच्या मळ्यातली रताळी उकरली म्हणून ते आत होतं. सुटायला आठच दिवस उरले होते.

रखमाजी धापा टाकत कोल्हेसाहेबांकडे गेला. "साहेब, आजच्यापुरता एक पहारेकरी द्या. साळिंदर जातंय हो!"

"अर्ज दे. पावसाळ्यापर्यंत निर्णय होईल."

रखमाजीच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात त्यानं एकही नियम मोडला नव्हता. परत येऊन त्यानं सगळी कुलपं उघडली. काटे टोचत होते तरी साळिंदराला छातीशी धरलं आणि सगळ्यांना नदीवर नेलं.

बऱ्याच वेळानं साळिंदर पाण्यात शिंकलं. रखमाजी ढसाढसा रडला.

"मामा, डोळे पुसा," कैद्यांतलं एक माकड म्हणालं. "चला, आम्हाला परत न्या. नाहीतर तुमच्यावर बालंट यायचं."

सगळे परतले, तरी बालंट आलंच. यावेळी निर्णय दुसऱ्याच दिवशी झाला. रखमाजीला दोन महिने शिक्षा.

"किल्ल्या कुणाकडे देऊ?" रखमाजीनं कोठडीतून विचारलं.

कोल्हेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पहारेकरी कुणी उरलाच नव्हता. "तूर्त तुझ्याकडेच राहू देत."

आता गंमत पहा. दोघांनी कुलूप उघडायचं, हा नियम पहारेकऱ्यांना होता. कैद्यांनी कसं उघडावं, याबद्दल नियमावलीत एक ओळही नव्हती. रखमाजीनं ती दोनदा वाचून खात्री केली.

त्या दिवसापासून सगळा तुरुंग सकाळी दहालाच नदीत बसू लागला. साळिंदराची शिक्षा संपली, तर ते म्हणालं, "उन्हाळा काढूनच जातो म्हणतो."

कोल्हेसाहेबांनी अहवाल दिला. पहारेकरी शून्य, तक्रारी शून्य, पलायन शून्य. राजानं खूश होऊन बाराही पदं रद्द केली.

तात्पर्य : तुरुंगातले हाल कर्मचारी कमी असल्यानं होत नाहीत. एक शिल्लक राहिल्यानं होतात.