गुरम्माची सुट्टी

"दोन दिवस तू घागरीला हात लावायचा न्हाई! लावलास तर नाव बदलीन माझं!"

उदगीरच्या आपल्या किराणा दुकानात रेवणप्पानं गुळाच्या ढेपेवर थाप मारून हे जाहीर केलं. माश्या उठल्या, गिऱ्हाइकं हसली. बायको गुरम्मा मात्र हसली नाही. ती नळाच्या रांगेतून अर्धी घागर घेऊन नुकतीच आली होती, आणि हसायलासुद्धा घशात ओल लागते.

पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. लातूर जिल्हा मात्र नुकताच वेगळा होऊन कोरा करकरीत झाला होता. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेबांच्या खुर्च्या नव्या. नळ तेवढे जुने, आणि ठणठणीत कोरडे! अशात पोरगा विरूपाक्ष ज्या बालवीर पथकात होता, त्याच्या व्यंकट गुरुजींनी शनिवार-रविवारचं सहकुटुंब शिबिर काढलं. कुठं? सहस्रकुंड धबधब्यावर! नव्या जिल्ह्यात हुडकून धबधबा सापडेना, म्हणून शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला उसना घेतला.

"पर उन्हाळ्यात तितं पाणी असंल का?" एका गिऱ्हाइकानं शंका काढली.

"धबधबा हाय तो! मुन्शिपालटीचा नळ हाय का बंद पडायला?" रेवणप्पा खेकसला. गिऱ्हाईक तेल न घेताच गेलं.

शनिवारी एसटी, रेल्वे, बैलगाडी असं करत मंडळी हाडं मोजत पोचली. बघतात तर पैनगंगेचा खडक करपलेल्या तव्यासारखा काळाठिक्कर! वरच्या कड्यावरून खाली पडत होतं ते फक्त ऊन.

"गुरुजी, धबधबा कुठाय?"

"हाच की, अप्पा. पाणी तेवढं न्हाई."

"मग काय डोंगर बघाया आणलं का आमाला? डोंगर फुकट दिसतोय उदगिरात!"

"चिडू नका. इस्लापुरातून पिंपभर पाणी मागवलंय. काटकसर हाच बालवीराचा धर्म!"

रेवणप्पानं त्या पिंपाशेजारीच सतरंजी टाकली आणि घोषणा केली, "माझ्या बायकोला सुट्टी हाय. पाणी संपलं तर खबरदार!" पिंपाला हात लावील त्याच्यावर तो असा गुरगुरत होता, की कुत्रीसुद्धा लांबून वळसा घालून गेली.

रविवारी सकाळी निसर्गाची हाक आली आणि पहारेकऱ्याला जागा सोडावी लागली. घात झाला तो तेवढ्यात!

बालवीराला रोज एक सत्कृत्य करावं लागतं. ते होईपर्यंत स्कार्फच्या टोकाला गाठ. आणि व्यंकट गुरुजींचा कायदा असा, की गाठ सुटल्याशिवाय पोहे नाहीत! आता त्या ओसाड खडकावर भलं करायचं तरी कुणाचं? ना रस्ता ओलांडायला म्हातारी, ना हरवलेलं लेकरू. उपाशी पोरांनी चहूकडं नजर फिरवली, आणि पिंप दिसलं. एकानं वाळलेल्या पळसाला पाणी घातलं. एकानं शेळीला पाजलं, दुसऱ्यानं तीच शेळी धुऊन काढली. झेंडावंदनाला जिल्ह्याचे साहेब येणार होते, त्यांच्या अंगावर धूळ नको म्हणून दोघांनी झेंड्याभोवती सडा मारला. आणि एका भल्या पोरानं रेवणप्पाच्या चपला आतून-बाहेरून स्वच्छ धुतल्या.

रेवणप्पा परत आला, तेव्हा पिंप तळापर्यंत कोरडं होतं आणि सगळं पथक पोहे खात बसलं होतं. एकटा विरूपाक्ष तेवढा गाठ घेऊन उपाशी बसला होता.

"कुणी केलं हे? कामून केलं?"

"सत्कृत्य, अप्पा," गुरुजी हळूच म्हणाले.

"चुलीत घाला तुमचं सत्कृत्य!"

गुरम्मानं पदर खोचला. लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाणीसुद्धा तोंडात घालत नसे, आणि पूजेलाच पाणी नव्हतं. तिनं घागर उचलली, तशी रेवणप्पानं ती हिसकावली. "बस खाली! तुला सुट्टी हाय!"

घागर घेऊन तो जवळच्या वस्तीवरच्या विहिरीकडं तरातरा निघाला. तिथं बायांची ही मोठी रांग! रेवणप्पा थेट पुढं घुसला.

"ओ दादा, रांगेत या!"

"आमी शिबिरातले हाव! नव्या जिल्ह्यातून आलो!"

"मग नव्या जिल्ह्यात हिरी न्हाईत का?" एक म्हातारी कडाडली. "आमाला प्यायला न्हाई, अन् तुमी हितं मजा माराया आलात व्हय? लाज कशी वाटंना?"

म्हातारी खरं बोलत होती. म्हणून तर रेवणप्पा जास्तच चिडला! नळावर चिडला, साहेबावर चिडला, ढगावर चिडला, बायांशी घटकाभर भांड भांड भांडला. शेवटी "ह्याचं तोंड बंद करा गं!" म्हणत त्यांनीच त्याची घागर भरून दिली.

घागर खांद्यावर घेऊन तो अडखळत निघाला. तोच वाटेत झेंडा लावलेली जीप, पुढून धुरांड्यासारखी वाफ! बाजूला नव्या जिल्ह्याचे साहेब घाम पुसत उभे.

"ए, ते पाणी इकडं आण. गाडी तापलीय."

"माझी बायको तापलीय तिकडं! गाडी ढकला!"

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"तहानलेले असाल तर ओंजळ धरा. साहेब असाल तर ढकला!"

साहेबांचा चेहरा जीपपेक्षा लाल झाला. तेवढ्यात वासरासारखा उधळत विरूपाक्ष आला. त्यानं अडचणीतली जीप पाहिली. त्याचे डोळे चमकले. बापाच्या खांद्यावरची घागर खस्‌कन ओढून त्यानं ड्रायव्हरच्या हाती दिली, आणि ती घडाघडा जीपच्या पोटात रिती झाली.

"अप्पा! झालं माझं सत्कृत्य!" म्हणत त्यानं गाठ सोडली.

"शाब्बास!" साहेबांनी पाठ थोपटली आणि जीप धुरळा उडवत निघून गेली. खाकरण्यापुरतीही ओल रेवणप्पाच्या तोंडात उरली नव्हती. नाहीतर त्या दिवशी बालवीर चळवळीचं काही खरं नव्हतं!

रिकामी घागर घेऊन, मान खाली घालून तो तंबूशी आला. आता गुरम्माला काय तोंड दाखवायचं? तर तंबूत चहा उकळत होता. गुरम्माची पूजा झाली होती, कपाळावर विभूती होती आणि शेजारी दोन काठोकाठ कळशा!

"हे पाणी... कुणी आणलं?"

"मीच की. तुमच्या मागनंच आले होते हिरीवर."

"मला कशी दिसली न्हाईस?"

"तुमी भांडून राहिला होता नव्हं! समद्या बाया तुमचं भांडण बघत होत्या. तवर रांग मोडली अन् माझा नंबर लागला." तिनं कपबशी पुढं केली. कधी नव्हे ती हसली. "मी काय म्हणते, अजून चार रोज हितंच ऱ्हाऊ का? आपल्या गल्लीपरीस हितली रांग लई बारकी हाय हो!"