जेवणाच्या सुट्टीत संपलेली त्रिज्या

चुडामण मास्तरांनी बदलीसाठी सातवा अर्ज केला होता. बिऱ्हाड खांडबाऱ्याला आणि नोकरी तापी ओलांडून, शहाद्याजवळच्या एका खेड्यात. दिवाळीत घरी गेले तेव्हा तीन वर्षांची पोर आईला विचारत होती, "हाऊ पाव्हना कव्हय जाई?" मास्तरांना फराळ गोड लागला नाही. आता दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते. शेरा चांगला पडला तर बदली, नाहीतर जन्मभर पाव्हनाच.

साहेबांना भूमितीचा नाद आणि चौथीच्या वर्गाला भूमितीचं वावडं. केंद्र, त्रिज्या, परीघ ही नावं पोरं आरतीसारखी म्हणत. अर्थ विचारला की छताकडे बघत. शेवटी मास्तरांनी शेजारच्या भुरीबाईची बकरी मागून आणली आणि शाळेमागच्या गवतात खुंटा ठोकून बांधली.

"खुंटा म्हणजे केंद्र. दावं म्हणजे त्रिज्या. बकरीचं तोंड फिरत जिथवर पोचतं तो परीघ. नीट बघत राहा."

एवढं सांगून ते भाकरी खायला गेले आणि तिथेच नशीब फुटलं. बकरी एकाच अंगानं गोल फिरत चरत राहिली, दावं खुंट्याला गुंडाळत गेलं. मास्तर हात धुऊन येतात तो बकरीचं तोंड खुंट्याला टेकलेलं, डोळे पांढरे, आणि भुरीबाई कपाळ बडवतेय.

"मास्तर, तुम्हनं गणित ऱ्हाऊ द्या, मन्ही बकरी मरी जाई!"

बकरी वाचली. पुढचे चार दिवस मास्तरांनी छडी आपटून सांगितलं, की एका वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या सारख्या असतात. पोरांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं!

साहेब आले. त्या दिवशी बकरीवरून नजर न हलवलेल्या धनसिंगलाच त्यांनी नेमकं उभं केलं.

"वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या सारख्या असतात ना रे?"

"नही साहेब. पह्यले लांब ऱ्हास. मंग धाकली व्हत जास. जेवानी सुट्टीमा सरी जास."

"आणि परीघ?"

"तो बी खुंटाजोडे ई जास. मंग भुरीमाय येस."

"कोणी शिकवलं हे?"

"आम्ही डोयाघाई देखं!" सगळा वर्ग ओरडला.

मास्तरांनी मनातल्या मनात बदलीचा अर्ज फाडला. आता गणपती पाण्यात घालूनही उपयोग नव्हता. साहेबांनी बकरी मागवली, घड्याळ हातात धरून अर्धा तास गवतात उभे राहिले आणि दावं संपलं तसे खदखदून हसले. मग आत येऊन त्यांनी शेरा लिहिला. मास्तरांनी जीव मुठीत धरून वाचला: 'येथील मुले पाठ केलेले नव्हे, पाहिलेले बोलतात. असे शिक्षक दुर्मिळ. यांस या गावाहून कदापि हलवू नये.'

संध्याकाळी भुरीबाई तांब्याभर दूध घेऊन आली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

"आते तुम्ही कोठेच जात नहीत, मास्तर! आठेच मरशात!"

मास्तर 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?